लखमाचे पाय चढेनात

शेणव्याजवळच्या पाड्यावरचा लखमा पन्नाशीला आलाय. इकडे भाताचं रोप टाकायची जमीन आधी भाजावी लागते. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या. याला राब म्हणतात. लखमाची सात झाडं. पंधराव्या वर्षापासून तोच चढत आला.

गेल्या वर्षी पायाखालची फांदी मोडली. तो हातांवर लोंबकळला, पाय टेकवले, उतरला. ओरखडासुद्धा नाही. उरलेल्या झाडांच्या फांद्या त्याच दिवशी तोडल्या.

यंदा पहिल्याच झाडावर, दोन पुरुष उंचीला, पोटऱ्या लटलट कापायला लागल्या. तोंडाला कोरड. तळहात इतके घामेजले की कोयत्याची मूठ हातात फिरली. लघवीला लागली म्हणून उतरला, तर खाली लघवी होईना.

मी याच पाड्यावरचा, चाळीस वर्षं खाणीत दगड फोडले. दमलेलं अंग मला कळतं. दमलेला माणूस बसला की सावरतो. लखमाला बसल्यावर बिडीला काडी लावता येईना.

त्याला वाटलं, ताकद कमी पडते. आठ दिवस भाकरी दुप्पट खाल्ली. तळहातांना चुलीतली राख चोळली, पोटऱ्या फडक्याने आवळल्या आणि पुन्हा चढला. राखेने घाम थांबला. छातीतली धडधड थांबेना.

"अवो, उतरा," खालून बायको रंगू म्हणाली. "भ्या वाटतंय तुमाला."

"भ्या कसलं गो? मनात कायच नाय. पायच आयकत नाय!"

खोटं बोलत नव्हता.

राब चुकवून चालणार नव्हतं. तो शेजारच्या बुधूकडे गेला.

"तोडतो तुझी झाडं," बुधू म्हणाला. "पण आदी माझे राबाचे भारे तू वाहायचे. सगळे."

"दोन दिवसांच्या तोडीला सगळे भारे?"

"मंग चढ की तूच!"

सहा दिवस लखमाने डोक्यावर भारे वाहिले, भर चढावाने. पाय एकदाही कापले नाहीत. याचाच त्याला जास्त राग आला.

मग बुधू लखमाच्या झाडांवर चढला. ऐनाचा शेंडा राखायचा असतो, नाहीतर झाड खुरटतं. घाईत बुधू शेंड्यालाच भिडला.

"शेंडा ठेव रे!"

"वर ये, नि दाखव कुठवर ठेवू!"

लखमाने खोडाला मिठी घातली, एक पाय उचलला. तेवढ्यानेच त्याला धाप लागली. पाय खाली ठेवला.

शेंडा समोर येऊन पडला. लखमाने तो उचलून भाऱ्यात बांधला.