धाकट्या सापाची पेटी

दोन साप एकाच पेटीत ठेवायचं मी ठरवलं आणि कुणालाही न विचारता ठेवलेसुद्धा. शनिवारची सकाळ होती. मुलगी ड्रॉइंगच्या क्लासला गेली होती, बायको भाजी आणायला. मुलीचा पाळीव, बिनविषारी कॉर्न स्नेक नारिंगी, वर्षभर पोसलेला, चांगला गुबगुबीत. दुसरा करडा, बुटाच्या नाडीपेक्षा थोडा जाड. शेजारच्या बिल्डिंगमधलं कुटुंब कायमचं पुण्याला परत निघालं, तेव्हा आदल्याच दिवशी त्यांनी तो पेटीसकट आमच्या हवाली केला होता. बिचारा! परकं घर, परकी माणसं आणि वर एकटा. मी त्याला मोठ्याच्या पेटीत सोडला आणि त्याची रिकामी पेटी बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे सरकवली. तासाभराने बघतो तर दोघं एकमेकांच्या अंगावर वेटोळं घालून पडलेले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फोटो काढून भावांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सोबत!'

सोबतीचं हे वेड मला का, ते सांगायला हवं. नऊ वर्षं मी इकडे आखातात, मुसफ्फ्याच्या एका वर्कशॉपमध्ये होतो, राहायला कामगारांच्या कॅम्पात, आणि बायको-मुलगी चिपळूणला. पोर मोठी झाली ती मी मोबाइलच्या काचेतून बघितली. दोन वर्षांपूर्वी सुपरवायझर झालो, दोघींना इकडे आणलं, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत वन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं की ह्या घरात आता कुणी वेगळं राहणार नाही. मुलीचा पलंग हॉलमध्ये. बारावं लागल्यावर तिने पलंगाभोवती पडदा मागितला, तर मी केवढ्यांदा ओरडलो! "पडदे कॅम्पात लावतात! घरात नाही!" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

क्लासहून आल्यावर तिने पेटीत पाहिलं आणि दप्तर तिथेच टाकलं.

"पप्पा, दे आर नॉट फ्रेंड्स! ऊब त्या एकाच कोपऱ्यात आहे, म्हणून दोघं तिथे आहेत. हे साप एकेकटेच राहतात. यू डिडन्ट इव्हन आस्क मी."

"अगं, माणूस काय नि साप काय, सोबत लागतेच. इन्शाल्ला जमेल त्यांचं."

"लग्न लावताय की काय त्यांचं?" बायको किचनमधून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी धाकट्याने गिळलेलं उंदराचं पिल्लू ओकून टाकलं. पुढच्या आठवड्यात दिलेल्याकडे त्याने पाहिलंही नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मुलगी त्याला किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघायची. बायकोने तो काटा सापाच्या नावे करून स्वतःला नवा आणला. वजन दर वेळी उतरलेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण कबूल कोण करणार? पोर भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त माझ्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी एका संध्याकाळी ती समोर येऊन उभी राहिली. "ही विल डाय, पप्पा."

"होईल सवय. मलाही झाली होती."

"तुम्हाला कशी झाली?"

मी पेटीकडे बघितलं. समोर पेटीत मोठा साप उबेच्या कोपऱ्यात ऐसपैस पसरला होता आणि धाकटा त्याच्याखाली दबून, डोकं काचेला टेकवून पडला होता.

मुसफ्फ्यातला पहिला महिना आठवला. एका खोलीत आठ जण, दुमजली पलंग. माणसं सोन्यासारखी होती, हे आधी सांगतो. वाकडा शब्द कुणी बोललं नाही. पण चौदा डोळ्यांसमोर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पँट कमरेवर राहीना. खोलीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने, केरळचा होता तो, एक दिवस दोरी आणली, स्वतःची चादर माझ्या पलंगाभोवती बांधली आणि माझं ताट आत सरकवलं. "खलास. अब खाओ." त्या दिवशी मी रडत रडत पोटभर जेवलो. पुढे नऊ वर्षं मुलीशी फोनवर बोललो तेही त्याच चादरीआड बसून. आणि मी असला मूर्ख, माझ्या लक्षात राहिला तो फक्त कॅम्प!

मी हे सगळं तिला सांगितलं. पहिल्यांदाच. मग उठलो आणि वॉशिंग मशीनमागून धाकट्याची पेटी ओढून काढली.

तिने ती पुसली, खाली उबेची चटई लावली, लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं आणि वरून टॉवेल टाकला. "आठ दिवस हात लावायचा नाही. बघायचंही नाही," तिने मला बजावलं. वर्कशॉपमध्ये चाळीस माणसांना हुकूम सोडणारा मी, मुकाट्याने मान हलवली. नवव्या दिवशी दुपारी तिने चिमुकला उंदीर आत ठेवला आणि आम्ही दोघं पेटीकडे पाठ करून जमिनीवर बसलो. मी होते नव्हते तेवढे सगळे देव आठवले. तासाभराने तिने टॉवेलचं टोक उचललं.

"पप्पा, खाल्लं! खाल्लं त्याने!"

तिने मला घट्ट मिठी मारली. "चुकलो गं मी," मी म्हटलं. तेवढंच जमलं.

त्याच आठवड्यात दोघं जाऊन पडद्याचं कापड घेऊन आलो, पिवळं, तिच्या पसंतीचं. दांडी मीच बसवली, पण मनापासून नाही, खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांनी हाताला लागलेली पोर मी स्वतःच्या हाताने पडद्याआड करत होतो. पडदा लागला, ती आत गेली आणि हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

संध्याकाळी तिचं दूध घेऊन मी पडद्यापाशी गेलो आणि अडलो. पडद्यावर टकटक कशी करतात? शेवटी बाजूच्या चपलांच्या कपाटावर बोटाने वाजवलं.

"हू इज इट?"

"मी आहे."

पलंग कुरकुरला. पडदा सरकला. तिने दूध घेतलं, भिंतीकडे सरकून जागा केली आणि म्हणाली, "बसा ना, पप्पा."

मी अंग चोरून बसलो. मग तिने हात लांब करून पडदा पुन्हा पूर्ण ओढून घेतला, मला आत ठेवून.