डाव्या पायाची चप्पल

पाहुणा निघाला की दाजी त्याची चप्पल लपवायचे. दोन्ही नाही, एकच, आणि तीही डाव्या पायाची. "दोनी गेल्या तर लोक चोरी म्हणतेत. एक गेली की माणूस हुडकत बसतंय. हुडकस्तोवर चहा होतोय, चहा होस्तोवर गाडी जातीय. मग ऱ्हावा की आजचा दीस, कावून घाई करायलाव?" हे सगळं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. धारूरला बाजारामागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर कायम ज्वारीचं पीठ, त्यामुळे तरुणपणीही म्हातारे दिसायचे आणि म्हातारपणीही तेवढेच. चप्पल सापडायची ती गिरणीतल्या कुठल्या तरी डब्यात, पांढरीफटक होऊन. ती घालून आम्ही नाशिकला पोचलो तरी जिन्यावर एकाच पायाचे ठसे उमटायचे. एकदा वीजबिलाच्या वसुलीला आलेल्या माणसाचीही चप्पल त्यांनी सोडली नाही. तो बिचारा पिठलं-भाकरी खाऊन, वर झोप काढून गेला. बिल भरलं की नाही ते मी कधी विचारलं नाही.

मी पडलो नोकरदार. त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकाठच्या हॉटेलात खोली घेतली होती, पैसे आगाऊ भरून. आधी थोडे दिवस आक्काकडं, मग तिथूनच कोकण. निघायच्या दिवशी पिशव्या दारात, माझी बायको वंदना दारात, आमची सात वर्षांची सई दारात, आणि माझी डावी चप्पल नाही. मी गिरणी उलटीपालटी केली. सापडली तेव्हा गाडी गेली होती. वंदनानं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरी चप्पलही काढून ठेवली.

त्याच दुपारी सईचं अंग तापलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. सलाईन लावा, विश्रांती द्या, आणि प्रवासाचं नाव काढू नका.

दवाखान्याचा खर्च एक वेळ समजू शकतो हो. पण बाकीचा कुठून कुठून निघाला म्हणता! हॉटेलवाल्यानं पैसे परत द्यायला नकार दिला. तिकिटं बुडाली. वंदनाची रजा बिनपगारी झाली. सईला बीडहून शहाळी यायची. कपडे मोजके आणलेले, म्हणून मी धारूरच्या बाजारातून पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या घेतल्या आणि त्या घालून गल्लीभर हिंडलो. सहलीचं पाकीट रिकामं व्हायला लागलं तसा मी चिडचिडा झालो.

दाजी मात्र दवाखान्याच्या बाकावर पोत्यासारखे बसलेले. "पाव्हणं, तुमची गाडी मी चुकवली. लेकराला इथंच गाठलं तापानं. समदा खर्च माझ्या अंगावर."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की ताप आधीपासूनच तिच्या अंगात होता. उलट बरं झालं, नाहीतर घाटात कुठंतरी गाडीतच फणफणली असती पोर. दाजींनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डाक्टर लई चांगला माणूस हाय. माझं मन राखतोय."

आता बहिणीच्या घरी भावानं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. आमच्याकडं हे फार पाळतात. त्यामुळे आमची शर्यत लागली. मी औषधाच्या दुकानात पोचायच्या आत दाजी पैसे देऊन मोकळे. मग मी आक्काच्या फडताळात नोटा ठेवायचो, त्या संध्याकाळी माझ्या नव्या चड्डीच्या घडीत निघायच्या. दवाखान्यात बिलावरून ते कंपाउंडरशी भांडले, "एस्टीत लेकराला हाप तिकीट, मग सलाईनला फुल कावून?" हॉटेलवाल्यालाही त्यांनी माझ्याच फोनवरून गाठलं. मला वाटलं शिव्या देतील. तर म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. तुमीच या इकडं, लेकरंबाळं घेऊन. आमी खोलीचं भाडं घेत न्हाई." पैसे काही परत आले नाहीत. पण त्या माणसानं पुढं दोनदा फोन करून सईची चौकशी केली.

सई बरी झाली. आम्ही निघालो त्या दिवशी माझ्या दोन्ही चपला उंबऱ्याशी पुसून, जोडीनं ठेवलेल्या होत्या. आक्का हळूच म्हणाली, "नारायणगडावर देवाला गेलते. पोरगी उठू दे, पुन्यांदा कुणाची चप्पल लपवणार न्हाई, म्हणून बोलून आलेत." स्टँडवर मी आक्काच्या हातात नोटा कोंबल्या, दाजींनी त्याच सईला खाऊला म्हणून दिल्या, मी खिडकीतून परत टाकल्या. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मलाच द्या अन् मिटवा." गाडी सुटता सुटता दाजींनी त्या पुन्हा आत टाकल्या आणि नोटा गेल्या नाशिकला. तेवढी एक बाजी दाजींनी मारली.

पण नवसानं माणूस पार उतरला. दिवाळीला गेलो तर ओट्यावर हात मांडीखाली दाबून बसलेले. एकेक पाहुणा वेळेवर चपला घालून चाललेला आणि दाजी नुसते बघताहेत. मला त्यांची इतकी दया आली की वाटलं, आपणच आपली चप्पल कुठंतरी टाकून यावी.

आम्ही निघालो, तर माझी डावी चप्पल गायब. दाजी चटकन उठून उभे राहिले. "मी न्हाई बरं का पाव्हणं. देवाशपथ न्हाई."

सई खांबाला टेकून उभी होती. हातांना कोपरापासून खालपर्यंत पीठ. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ती म्हणाली, "मामांनी नवस केलाय. मी कुठं केलाय?"

दाजी आधी गडाच्या दिशेला हात जोडून पुटपुटले, बहुतेक परवानगी मागितली असावी. मग भुवयांवरचं पीठ उडेपर्यंत हसले. "आता ऱ्हावं लागतंय पाव्हणं. लेकराचा शब्द हाय." त्या दिवसापासून ते खातं सईकडं गेलं. दाजी फक्त डबा सुचवायचे.

दाजी गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. झोपेतच गेले, कुणाला एक दिवसाचाही खर्च न लावता. तेरावा झाला आणि आम्ही निघालो. मला रजा नव्हती. गिरणी बंद होती. आक्का उंबऱ्यात उभी होती, आणि माझ्या दोन्ही चपला काढल्या तिथंच होत्या. इतकं वाईट मला त्या तेरा दिवसांत वाटलं नव्हतं. मी खाली बसलो आणि उगाच उजव्या चपलेचा पट्टा आवळत राहिलो.

सई आता कॉलेजात आहे. माझ्यासमोर वाकून तिनं डावी चप्पल उचलली आणि गिरणीचं कुलूप काढून आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. आक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "थांब, चहा टाकते."

मी शोधायला गेलो नाही.