शेंदराची पुडी

गावदेवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण त्या वर्षी मी तिच्यावर भार टाकला होता की तिच्याआड लपले होते, हे मला बरेच दिवस कळलं नाही. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. उभी हयात अंगणवाडीत गेलेली. आमच्या कशेळ्याच्या आसपासच्या कितीतरी बायकांना ‘दुखणं अंगावर काढू नका’ म्हणून दटावत मीच दवाखान्यात धाडलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःची गाठ मी चार महिने कोणाला सांगितली नाही. गुरवाकडून देवीचा शेंदूर आणला आणि रोज आंघोळीनंतर तेलात कालवून गाठीवर लावत राहिले. देवीचं औषध चालू आहे, मग डॉक्टर कशाला, अशी मनाची समजूत घालायचे. खरं म्हणजे मी घाबरले होते.

गाठ वाढल्यासारखी वाटायला लागली तेव्हा शेवटी मुलीला सांगितलं. शेंदराचं मात्र सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टी तिला आवडत नाहीत. ती मला खोपोलीच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. स्तनाचा फोटो काढायचा होता. तपासणी नीट पार पडू दे म्हणून त्या सकाळी मी शेंदूर जरा जास्तच लावला आणि निघताना वरवर पदराने टिपला. अंगाला पावडर किंवा मलम लावलंय का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. आपण खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. देवीच्या शेंदराला पावडर कोण म्हणेल?

सुई घालून केलेल्या तपासणीत गाठ कॅन्सरची निघाली. लहान होती, पण फोटोत गाठीच्या चहूकडे बारीक पांढरे कण पसरलेले दिसत होते. आजार तिथवर पोचला असावा, नुसती गाठ काढून भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. घरी येऊन मी देवीशी भांडले. इतकी वर्षं तुझी ओटी भरली ती यासाठीच का, म्हणून विचारलं. पंधरा दिवस देवळाची पायरी चढले नाही. शेंदूर लावणं मात्र सुटलं नाही. बोलणं बंद आणि लावणं चालू, असा आमचा अबोला.

ऑपरेशनच्या आधी तिथल्या एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांचा एक अभ्यास चालला होता. नव्या पद्धतीच्या यंत्रावर वेगवेगळ्या कोनांतून आणखी एक फोटो काढायचा, तो जुन्या फोटोशी ताडून बघायचा आणि त्यामुळे ऑपरेशन किती करायचं हे बदलतं का, ते तपासायचं. याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही, पुढच्या बायकांना होईल, आणि नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, असं त्यांनी सरळ सांगितलं. आईवर प्रयोग नकोत, असं मुलीचं म्हणणं पडलं. पण मी जन्मभर लोकांच्या दारात जाऊन रजिस्टरं भरली, मग माझी माहिती द्यायला मी नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मी सही केली.

फोटोच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मदतीला शमीम नावाची बाई होती. माझ्याच वयाची, खोपोलीचीच. तिचं रोजचं काम दुसऱ्या मजल्यावर, त्या दिवशी कोणी रजेवर होतं म्हणून ती खाली आली होती. मी पांढरा गाऊन घातला आणि त्यावर केशरी डाग उमटला. तिने विचारल्यावर मी कुंकू सांडलं म्हणाले. कुंकू केशरी नसतं, हे ओळखून तिने दार लोटून घेतलं.

“माझ्या सासूच्या डोक्याचा फोटो काढला, तवा तिच्या डोळ्यांत सुरमा होता,” ती हळू म्हणाली. “फोटोत डोळ्यांपाशी पांढरं आलं. दोन दिस आमच्या घशाखाली घास उतरला नाय. मग कळलं, तो सुरमाच. पहिल्या फोटोत तुमच्या शेंदराचं तसंच तर नाय ना झालं?”

पहिल्या फोटोच्या सकाळचं सगळं मी तिला सांगून टाकलं. तिने धुवायला सांगितलं, पण माझा हात पुढे होईना. देवीला अंगावरून पुसून टाकायचं, आणि तेही अशा वेळी? मला रडू फुटलं. शमीमने कुठून तरी खोबरेल आणलं, कापूस आणला.

“पुसायचा नाय, बाय. काढून ठेवायचा,” ती म्हणाली. “नंतर तुमच्याच हातात देते.”

तिने अगदी हलक्या हाताने सगळा शेंदूर टिपून काढला, मग साबणाने धुतलं. ते केशरी बोळे तिने कचऱ्याच्या डब्यात टाकले नाहीत. स्वच्छ कागदात त्यांची पुडी बांधली आणि माझ्या पिशवीत वरच ठेवली. मग मला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली आणि सगळं सांगायला लावलं. त्या रागावल्या नाहीत. दोन्ही यंत्रांवर नव्याने फोटो काढले. गाठ होती तिथेच होती. पांढरे कण मात्र एकाही फोटोत नव्हते.

सर्जननी फक्त गाठ काढली आणि पुढे किरणांचे उपचार दिले. शेंदूर पुन्हा अंगाला लावायचा नाही, त्यात शिसं असतं, अशी तंबीही दिली. डॉक्टरबाईंच्या अभ्यासातून मात्र माझं नाव गळलं. पहिलाच फोटो शेंदरासकट निघालेला, तो ताडायला धरता येईना. दुसऱ्यांच्या उपयोगी पडायला म्हणून मी गेले होते आणि पदर भरून घेऊन मीच परत आले. त्यांनी प्रश्नांच्या कागदावर पेनाने एक ओळ वाढवली तेवढीच माझी भर: शेंदूर, सुरमा, अंगारा, भंडारा लावला आहे का? शमीमला मी घरचे वाल नेऊन दिले. मी काय केलं, म्हणून ती ते घ्यायलाच तयार नव्हती.

चालायची ताकद आल्यावर पुडी घेऊन देवळात गेले. त्या दिवशी शमीमला खाली कोणी आणलं, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही, नुसती हात जोडते. पुडी देवीच्या पायाशी ठेवली आणि जे मुलीपासून, डॉक्टरांपासून आणि स्वतःपासूनही लपवलं होतं ते सगळं तिला पहिल्यापासून सांगितलं. शरण जायचं तर आधी झाकलेलं उघडं करावं लागतं, एवढं मला उशिरा का होईना कळलं. गुरवाने नेहमीसारखं शेंदराचं बोट पुढे केलं. मी कपाळ पुढे केलं आणि घरी येऊन ते धुतलं.