एक मोटर, तीन मॉडेल

नागापूर एमआयडीसीत माणसांची पारख आमच्या वायंडिंगवाल्या काकांइतकी कुणालाच नाही, कारण ते माणसाला माणूस समजतच नाहीत. जुना व्हॅक्युम क्लीनर समजतात. जन्म जळक्या मोटरींत तांब्याची तार भरण्यात गेला. शेडमध्ये पुण्याच्या भंगारातून आणलेली तीन उभी यंत्रं, दांड्याला पिशव्या लटकवून, करवल्यांसारखी ओळीत उभी. एकाच कंपनीची : साधं, मधलं, वरचं. मधल्याला पुढे दिवा. वरच्याला दिवा, चकचकीत निकेल आणि अंगणभर जाईल एवढी वायर. त्याला कुणी हात लावला की काका ओरडणार, "लांबून बघा, आजारी न्हाई ते!" गावच्या पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत विचारा. "वरचं मॉडेल. दिवा हाय, पट्टा तुटल्याला." आणि मी? "तू मधलं. आवाज लई, पिशवी बारकी." मी चळवळीतली कार्यकर्ती, पण तिथंही मला इतकं स्पष्ट कुणी बोललेलं नाही.

माझी आई गाद्या भरते. कापसाच्या धुळीनं तिचा श्वास कोंडायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, धूळ थांबवा नाहीतर काम थांबवा. काम थांबवून खायचं काय, हे ते सांगत नाहीत! मी काकांकडे साधं यंत्र मागायला गेले. त्यांनी तिन्ही खोलून दाखवली. आत मोटर एकच!

मी तिथंच पेटले. दिव्याच्या नावाखाली ही लूट? जवळच्या कागदावर पत्रक खरडलं : 'एकच मोटर, तीन थाट! जनतेच्या डोळ्यांत धूळ!' काकांनी चष्मा लावून वाचलं.

"कुनाच्या इरोधात? कंपनी कवाच मेली आसंल."

"तत्त्व आहे, काका!"

"व्हय. पन पिशवी बघितली का?"

त्यांनी दारातल्या उन्हात साधं यंत्र चालू केलं. पिशवीच्या कापडातून बारीक धूळ धुरासारखी बाहेर येत होती. मग वरचं लावलं. ऊन स्वच्छ. त्याच्या कापडी पिशवीत आणखी एक कागदी पिशवी होती, आणि ती बसवायची सोय बाकी दोघांना नव्हतीच.

"कचरा तिन्ही वढत्यात. बारीक धूळ हे एकटंच धरतं. तुज्या आईला कचरा छळत न्हाई, पोरी."

एवढं बोलून त्यांनी निकेल पुसलं, वायर गुंडाळली आणि ते यंत्र स्वतः रिक्षात ठेवलं. मी पत्रक फाडलं. हे मी सहसा करत नाही.

आई अजून गाद्या भरते आणि जिना एका दमात चढते. दर रविवारी काका स्वतः चिकटवलेली कागदी पिशवी बदलायला येतात. काम दोन मिनिटांचं, बसतात तासभर. शेडमधली त्या यंत्राची जागा रिकामीच आहे. तिथं त्यांनी दुसरं काही ठेवलेलं नाही. परवा आई म्हणाली, "दादा, मला बरं वाटतंय आता. घेऊन जा की तुमचं."

"बरं वाटतंय म्हनूनच ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. निघताना मात्र त्यांनी यंत्राचा दिवा एकदा लावला, पाहिला आणि बंद केला.