बिनउचलीचं लग्न

वीटभट्टीच्या शेठने विटांचा लाकडी साचा उचलला आणि बाबाच्या पाठीत घातला. पहिल्या फटक्याला बाबा उभा होता. दुसऱ्याला चिखलात. मी अकरा वर्षांची, हातात कच्च्या विटा. आई झोपडीत तापाने फणफणत होती, म्हणून त्या दिवशी विटा कमी पडल्या. एवढाच गुन्हा.

मग त्याने ओल्या विटांची अख्खी रांग बुटाने तुडवली. आमची सगळी सकाळ तुडवली.

ही भट्टी आमच्या वाट्याला आली लग्नापायी. आमच्यात जोडपं आधी एकत्र राहतं, पोरंबाळं होतात, पैसा जमला की लग्न लावतात. त्यात कोणाला लाज नाही. पण आईबापाचं लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. माझ्या आईबाबाचं बाकी होतं. म्हणून बाबाने पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली. घरात दाणा नसतो तेव्हा हा माणूस बरोबर येतो, हातावर नोटा ठेवतो. दिवाळी झाली की त्या नोटांपायी अख्खं घर सहा महिने भट्टीवर. अर्धी उचल तांदळात गेली, अर्धी आईच्या दवाखान्यात. लग्न राहिलंच.

शेठला हे ठाऊक होतं. झोपडीकडे बोट करून म्हणाला, "लग्न तर लावलं नाय तू. मग ही कोणाची रे? पैसे माझे, तर बायको पण माझी."

भट्टीवरचे सगळे हसले. बाबाही हसला. तोंडात चिखल, ओठातून रक्त, आणि हसला.

मार मी विसरलेही असते. ते हसणं नाही.

पाड्यावरची पहिली पदवीधर मी. तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागले, कंत्राटी. सालवडला तिघींत एक खोली. घरात पगार एकच, माझा. खाणारे चार. आधी महिन्याचा तांदूळ, तेल, भावाची फी. मग पोस्टातल्या बचत खात्यात. उरेल त्यात मी. रिक्षा नाही, चालत. चप्पल तुटली तर तारेने बांधली. खोलीतल्या मुली हप्त्याने मोबाईल घ्यायच्या. "अगं, कळत पण नाही कधी फिटतं ते!" मला हप्ता म्हटलं की साचा दिसायचा.

गौरीला घरी गेले तर ओटीवर मुकादम. बाटली उघडलेली. नोटा बाबाच्या मुठीत.

"तुजं लगीन अडलंय पोरी," बाबा म्हणाला. "आमचं आदी व्हाया पायजे."

मी त्याची मूठ उघडली. एकेक बोट करून. नोटा अंगणातल्या चिखलात फेकल्या.

मुकादमाने माझा दंड पिरगळला. "चार बुकं शिकली त माजली काय गं? बापाला इचार, कोणाचं खाऊन वाढलीस!"

कुडाला कोयता अडकवलेला होता. मोकळ्या हाताने ओढला आणि त्याच्या मनगटावर दाबला. रक्त आलं.

"नोटा वेच. नायतर हात इथंच राहील."

त्याने वेचल्या. गुडघ्यावर बसून.

तो गेल्यावर बाबाने माझ्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. कान सुन्न झाला.

"आता लगीन कशानं लावू?"

"मी लावीन."

थप्पड घेतली. उचल घेतली नाही.

तीन पावसाळे गेले. आई टोमणे मारायची, "आमी मेल्यावर लावशील काय गं?" मी पैसे टाकत राहिले. दर महिन्याला पोस्टात.

यंदा मांडव घातला. आमच्यात लग्न लावते ती बाई, धवळेरी, गाणं म्हणत होती. आईच्या पिकल्या केसांत हळद. तिने मला जवळ ओढलं, कानाशी बोलली.

"त्या दिशी भट्टीवरच्या झोपडीत मी जागी व्हती. समदं आयकलं."

इतकी वर्षं एक शब्द नाही. मी तिचा हात घट्ट धरला. दोघींपैकी कोणी रडलं नाही.

आमच्या घरातलं माणूस पुन्हा भट्टीवर जाणार नाही. न्यायला कोणी आलाच, तर कोयता कुडालाच आहे. मी धार लावून ठेवलीय.

एका पगारावर मी माझ्या आईबापाचं लग्न लावलं. कोणाचा एक रुपया न घेता.