ब्याऐंशी किलोची चिठ्ठी

साताऱ्याहून सकाळी सहाला निघालो, त्याआधी मी ब्रेक तीनदा दाबून पाहिला होता. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. माणूस टेबलावर झोपलेला असताना त्याच्या वतीने घाबरत राहायचं, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. घाबरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नसेल. असा माणूस दोन आसनांची, उघड्या छपराची, वजनाला हलकी स्पोर्ट्स कार का बाळगतो, हे माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. मलाही ते धड सांगता येत नाही.

शेजारी माझी मुलगी होती, केतकी. वय बावीस. सोलापुरात एका जाणत्या मेकॅनिककडून गाडी नीट लावून घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी सांगोल्याच्या पुढे माळावरच्या एका खासगी ट्रॅकवर न्यायची, असा बेत होता. त्या दिवसाला ट्रॅक डे म्हणतात. शर्यत नसते, नंबर नसतो. बंद रस्त्यावर आपली गाडी आपल्या मजेसाठी पळवायची. आणि या खेपेला चालवणार होती केतकी. मी तिला तसा शब्द दिला होता.

गेल्या वर्षी अशाच एका ट्रॅकवर माझ्या हातून ही गाडी स्वतःभोवती दोनदा गरकन फिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ती फिरत असताना माझी नजर शेजारच्या रिकाम्या सीटवर गेली होती, आणि तेव्हापासून ती सीट मला झोपेतही दिसते. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहिवडी गेलं, म्हसवड गेलं. म्हसवडच्या पुढे वाऱ्याने माझी टोपी उडवली आणि ती बाभळीत जाऊन बसली. केतकी हसत सुटली. मला मात्र टोपीच्या जागी भलतंच काही उडून गेलेलं दिसलं. मोहोळच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. आमची गाडी इतकी बुटकी, की ट्रॉलीच्या शेजारून जाताना चाकाचे बोल्ट माझ्या कानाच्या उंचीला. केतकी म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग मोडाल तुम्ही." तेव्हा मी बोटं सैल केली. बोटांवर वळ उमटले होते.

अंबादासअण्णांचं वर्कशॉप सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत आहे. आजूबाजूला मागांचा खडखडाट इतका, की पहिली पाच मिनिटं माणसं फक्त ओठ हलवताहेत असं वाटतं. अण्णा साठीचे, किडकिडीत, कपाळाला कुंकवाची बारीक टिकली. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी. तीन पिढ्या विणकामात गेल्या. अण्णा स्वतः माग दुरुस्त करत, मग मोटारींकडे वळले आणि आता दुरून दुरून माणसं गाड्या घेऊन येतात.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, वेगासाठी लावायची का मजेसाठी?"

"फरक काय पडतो?"

"लई पडतो की. वेगाची गाडी घसरंपर्यंत गप असती आणि एकदम फेकती. मजेची गाडी घसरायच्या आदी सांगती. बुडाला कळतं, हाताला कळतं. मग माणूस सावरतो. घसरना का, पण सांगून घसरली पायजे."

"मजेसाठी," केतकी म्हणाली. मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. जादा चाक, जॅक, पायपुसणी, जे जे सुटं आणि जड ते सगळं बाहेर काढलं. ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं, कारण जुनं तेल गरम होऊन उकळलं तर ब्रेकचा पाय थेट तळाला जातो. हे अण्णांनी सहज सांगितलं आणि माझ्या तळपायाला घाम फुटला. मग त्यांनी गाडीच्या दोन्ही अंगांना चार लोखंडी घोड्यांवर पांढरं सूत ताणून बांधलं. चादरीच्या उभ्या ताण्याचं सूत. त्या सुतापासून प्रत्येक चाकाची पुढची कड आणि मागची कड पोलादी पट्टीने मोजायची आणि चाकं सरळ करायची. मोठ्या शहरात याला संगणक लागतो.

"सूत खोटं बोलत न्हाय," अण्णा म्हणाले.

दहा वाजता केतकी सात रस्ता चौकात गेली. हेल्मेटच्या काचेला लावायची चिकटपट्टी हवी होती आणि आईसाठी शेंगाची चटणी. ती गेली आणि अण्णांनी टेम्पोतून चार वजनकाटे उतरवले. काटे डाळिंबाच्या पेट्या मोजायचे. सांगोल्याकडच्या सिद्धाप्पांचे, म्हणजे ज्यांच्या माळावर तो ट्रॅक आहे त्यांचेच. प्रत्येक चाकाखाली एक काटा. हलक्या गाडीत चारी चाकांवर भार कसा वाटला गेलाय यावर सगळं अवलंबून असतं, आणि चालकाचं वजनही त्या भारातच धरावं लागतं. त्यासाठी अण्णा सीटवर सुताच्या कोनांची, म्हणजे शंकूसारख्या रिळांची, बाचकी रचून पट्ट्याने बांधतात.

"चालवणार कोण?" अण्णांनी विचारलं. "वजन सांगा."

माग खडखडत होते. दारात कुणी नव्हतं.

"मीच," मी म्हणालो. "ब्याऐंशी."

असं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. पेशंटचं वजन विचारल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही, आणि एकदा विचारून माझं समाधान होत नाही. पण माझा बेत ठरला होता. ट्रॅकवर आधी मी दोन फेऱ्या मारणार, गाडी बाजूला घेणार आणि म्हणणार, "चाकातून आवाज येतोय गं, आज नको." आवाजाचं कोण काय तपासणार?

अण्णांनी ब्याऐंशी किलो बाचकी बांधली आणि दुपारपर्यंत स्प्रिंगखालच्या चकत्या पान्ह्याने वर-खाली करत काटे जुळवले. शेवटी त्यांनी कापडी पट्टीवर शाईने आकडे लिहिले आणि ती पट्टी चालकाच्या दाराच्या आत, चौकटीला चिकटवली.

"हे कशाला?"

"आमच्यात पर्तेक बीमला चिठ्ठी असती," अण्णा म्हणाले. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. "किती तारा, कुटलं सूत, कुणी भरलं. चिठ्ठी बगूनच दुसरा माणूस माग चालवतो. माज्या बापानं कदी चुकीची चिठ्ठी लावली न्हाय. म्या पण न्हाय."

चिठ्ठीच्या तळाला लिहिलं होतं: चालक ८२ किलो. ती उपटून टाकावी असं मला रात्री जेवताना दहादा वाटलं. कडक भाकरी हातातच मोडत बसलो. पण त्या माणसाच्या हातची चिठ्ठी फाडायचं धाडसही माझ्याच्याने होईना.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघालो. अण्णा टेम्पोतून काटे परत करायला मागून येत होते. मंगळवेढा ओलांडलं आणि जमीन उघडी पडत गेली. खडक, बाभळी, मध्येच डाळिंबाची हिरवी चौकट, पुन्हा खडक. रस्त्याकडेला शेळ्यामेंढ्यांचे कळप. आतापर्यंत एकही टँकर दिसला नाही म्हणजे वर्ष बरं असावं, असं मी केतकीला म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

सिद्धाप्पांनी फाटकात हात जोडले. "बर्री, बर्री (या, या)." घरात कन्नड, बाहेर मराठी. डाळिंब पिकत नव्हतं त्या खडकाळ तुकड्यावर त्यांनी डांबराची वळणं टाकली आहेत आणि महिन्यातून एकदोनदा हौशी मंडळी तिथे येतात. आम्हाला पॅकिंगच्या शेडमध्ये बसवून त्यांनी धपाटे आणि दही दिलं. मी धपाटा तसाच ताटात ठेवला.

"आधी मी दोन फेऱ्या मारतो," मी उठत म्हणालो.

"मी नुसती बसून बघते, सीट पुढे घ्यायची आहे," असं म्हणत केतकीने चालकाचं दार उघडलं.

ती बसली नाही. दाराच्या चौकटीशी वाकून उभी राहिली. एवढा वेळ लागेल असं त्या चिठ्ठीवर काही नव्हतं.

"बाबा, हे ब्याऐंशी कोण?"

टेम्पोतून काटे उतरवणारे अण्णा थांबले. "डॉक्टरसाहेब चालवणार म्हनले की," ते म्हणाले. "का, अम्मा? तू चालवणार हायस?" तेलुगू घरांत मुलीबाळींना प्रेमाने अम्मा म्हणतात.

"मी चालवणार होते," केतकी म्हणाली.

अण्णा चिठ्ठीपाशी आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "तीसेक किलोचा फरक. हलक्या गाडीत लई झाला. जोरात ब्रेक मारला की उजवं चाक आदी अडकंल, गाडी आडवी जाईल. म्या खोटी चिठ्ठी लावली." आणि त्यांनी नखाने पट्टीची कड उचलून ती ओढून काढली. मला कुणी भर चौकात थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

"बाबा," केतकीचा आवाज अगदी हळू होता, "तुम्ही तर पेशंटला दोनदा वजन विचारता."

मग मी सगळं सांगितलं. तिथेच, शेडमध्ये, केतकीच्या आणि अण्णांच्या देखत. चाकातल्या आवाजाची थाप, गेल्या वर्षीच्या दोन गिरक्या, ती रिकामी सीट. "मला भीती वाटते गं. तू गाडीत बसलीस की मला श्वास घेता येत नाही." चोपन्नाव्या वर्षी मी मुलीसमोर रडत होतो.

"हे साताऱ्यात सांगायचं ना," ती म्हणाली. डोळे तिचेही भरले होते, पण ती फाटकाकडे गेली नाही. तिने हेल्मेट उचललं आणि अण्णांना विचारलं, "पुन्हा लावता येईल?"

पॅकिंगच्या शेडची फरशी सपाट होती, काटे तिथेच होते. बाचकी या खेपेला लागणार नव्हती. केतकी हेल्मेट घालून सीटवर बसली.

"विचारा की, साहेब," अण्णा म्हणाले.

"वजन किती?" मी विचारलं.

"त्रेपन्न."

"हेल्मेटसकट?"

"दीड किलो वाढवा."

अण्णांनी पान्हा माझ्या हातात दिला. दीड तास मी चाकांच्या खोबणीत हात घालून चकत्या फिरवत होतो. काळं तेल कोपरापर्यंत आलं. अण्णा काटे वाचायचे आणि सांगायचे, "अजून अर्दा आटा. आता माघारी." केतकी हलली नाही. नवी चिठ्ठी अण्णांनी लिहिली, चिकटवली आणि मला मोठ्याने वाचायला लावली.

मग ती गेली.

मी तारेच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. पहिल्या दोन फेऱ्या ती सावकाश गेली, टायर गरम व्हायला. तिसरीला आवाज चढला. दूरच्या वळणाला गाडीचं मागचं अंग थोडं बाहेर गेलं आणि तिने अलगद आत घेतलं. "सांगितलं बग गाडीनं," अण्णा पुटपुटले. पॅकिंगच्या शेडमागे गाडी दिसेनाशी व्हायची, तेवढा वेळ मी मोजायचो. चौदा, पंधरा, आणि ती बाहेर यायची. ऑपरेशन टेबलाशी दोन श्वासांच्या मधे मी असाच मोजत असतो.

सहाव्या फेरीला मी पंधरापर्यंत मोजलं. सोळा. सतरा. शेडमागून टायर किंचाळल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. एक चप्पल वाटेत राहिली. वळणावर धूळ होती, जळक्या रबराचा वास होता, आणि रस्त्याच्या मधोमध शेळ्या. कुंपणाच्या तुटक्या कोपऱ्यातून वीसेक शेळ्या आत आल्या होत्या. पलीकडून त्यांचा धनगर ओरडत येत होता, "आरं, थांबा! थांबा!" शेळ्यांपासून दोन हातांवर गाडी उभी होती. सरळ. नाक पुढे, शेपूट मागे. केतकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि एक करडी शेळी बॉनेटकडे बघत काहीतरी चघळत होती.

"मी ठीक आहे," केतकी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बाबा, मी ठीक आहे."

अण्णा मागून धापा टाकत आले. ते गाडीकडे गेले नाहीत, रस्त्यावर उकिडवे बसले. डांबरावर ब्रेकचे दोन काळे पट्टे उमटले होते. अण्णांनी खिशातून सुताची गुंडी काढली, एका पट्ट्याची लांबी घेतली आणि तेच सूत दुसऱ्या पट्ट्यावर धरलं. दोन्ही सारखे. सूत त्यांनी माझ्या हातात दिलं. उजवा पट्टा लांब असता तर गाडी कुठे गेली असती, ते मला दिसत होतं. मी तिथेच डांबरावर बसलो.

सिद्धाप्पांनी हळहळत कुंपणाचा कोपरा बांधून घेतला आणि आमच्या पायाशी डाळिंबांची पेटी ठेवली. अर्ध्या तासाने केतकी विचारायला आली, "अजून चार फेऱ्या मारू?" मला नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मला खूप भीती वाटतेय. जा." ती गेली. चारही फेऱ्या मी मोजल्या.

परतीला महूदमार्गे म्हसवड, दहिवडी. गाडी तीच चालवत होती. मी शेजारच्या सीटवर डाळिंबांची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती सीट मला वर्षभर छळत होती आणि एकदाही मी तिच्यावर बसून पाहिलं नव्हतं. म्हसवडच्या अलीकडे बाभळीत माझी टोपी अजून होती. केतकीने गाडी थांबवून ती काढून आणली.

याला आता सहा महिने झाले. गाडी दारात असते, मी रविवारी चालवतो. केतकीच्या वजनाला लावलेली आहे, त्यामुळे मी बसलो की ती उजवीकडे जराशी दबते आणि ब्रेकला किंचित ओढते. मी हळूच चालवतो. बायको म्हणते, सोलापूरला जाऊन नीट करून आणा. मी दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचतो आणि म्हणतो, नीटच आहे.