कापूर प्यालेला ठोकळा

"मामाजी! कापूर कोनं लावला इथं?"

रेवती अशी ओरडली की तेलीबांध्याच्या तलावातले मासे घाबरून काठावर आले असतील. मी आरतीचं ताट पाठीमागे लपवलं. कापूर अजून जळतच होता. सदरा थोडक्यात वाचला.

रेवती माझी भाची. तिचं काम पाहायला मी पुण्याहून रायपूरला आलो होतो. सकाळी तात्यापाऱ्यातल्या तिच्या घरी फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) खाल्ला, फार नाही, चाळीसेक. मग नव्या रायपूरच्या रस्त्यावर तिची प्रयोगशाळा. तिथलं यंत्र सोऱ्यातून चकली पाडावी तसा लगदा पिळतं आणि थरावर थर चढवून जाळीदार ठोकळा छापतं. हा ठोकळा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून धरतो. शेगडीही त्याच्या पोटातच छापलेली. वीज दिली की तापतो आणि धरलेला वायू सोडून देतो.

चार वाजता तपासणीचे पाहुणे येणार होते. ठोकळा नापास झाला तर रेवतीचं काम बंद. आणि धड ठोकळा एकच!

पण नवं यंत्र दिसल्यावर ओवाळल्याशिवाय राहणं आमच्या सात पिढ्यांना जमलेलं नाही. रेवती बाहेर गेली तशी मी संधी साधली. काडेपेटी यंत्र चालवणाऱ्या साहूभैयांनी दिली, हे मी लगेच सांगून टाकलं.

"अहो, तो धूर, वास, सारंच पितो!" रेवती रडवेली झाली. "आता कापरानं त्याचं पोट भरलं. गॅस कुठं जाईल?"

"दीदी, गरम करके खाली कर दें?" साहूभैया म्हणाले.

"हव (होय). लवकर करा!"

बटण दाबलं. ठोकळ्यानं असा कापूर सोडला की पार ब्राह्मणपाऱ्यातल्या पुजाऱ्यांनी घंटा हातात घेतल्या असतील. तापवला, थंड केला, पुन्हा तापवला. दोन तास गेले. मी एका कोपऱ्यात बसून ताटातली काजळी पुसत राहिलो.

चार वाजता पाहुण्यांसमोर ठोकळ्याच्या एका बाजूनं कार्बन डायऑक्साइड गॅस आत सोडला. पलीकडच्या मापकाचा काटा खाली खाली येत शून्यावर टेकला. ठोकळ्यानं सगळा गॅस गिळला होता!

"काम जारी रखिए," पाहुणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर रेवती सोडायला आली. पोटातलं सगळं टाकून पुन्हा कोरं होणं किती थोड्यांना जमतं, असं माझ्या मनात आलं; मला तर तो फरासुद्धा अजून सोडत नव्हता. गाडी हलली तसा मी खिडकीतून ओरडलो, "पाहिलंस ना? माझ्या आरतीनं काम फत्ते झालं!"

"नाही मामाजी," रेवती म्हणाली. "तुम्ही बिघडवलं होतं. आम्ही नीट केलं."